अनुमोदक कोण?

माझ्या साडूला लोक काय बघून मत देतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. मी दोनदा तोंडावर आपटलो तेव्हा कुठे नगरपालिकेच्या सभागृहात बसायला मिळालं. हा पहिल्याच फटक्यात निवडून आला, तेही गळ्यात हार घालताना लाजत. आमच्या सासूबाई माझ्या घरी राहतात, त्यांचं औषधपाणी मी बघतो, आणि कौतुक कुणाचं? धाकट्या जावयाचं. "किती हळू बोलतात हो ते." म्हणजे मी काय डरकाळ्या फोडतो?

यंदा पालिकेची तिजोरी खडखडीत होती. आधी सभागृहातले पंखे बंद झाले, मग चहा, मग झेरॉक्स. आता पाळी दवाखान्यांची होती. एक माझ्या वॉर्डात, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला साडूच्या वॉर्डात. अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, दोन्हींपैकी एकच चालवता येईल. कुठला, ते या सभेत ठरवा. नाही ठरलं तर महिनाअखेर दोन्हींना कुलूप.

सासूबाईंना साखरेचा त्रास. पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. एक दिवसाआड पट्टी बदलायला त्या काठी टेकत आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायच्या. तो बंद झाला तर मोठं रुग्णालय, आणि तिथे पोचून रांगेत उभं राहीपर्यंत धडधाकट माणूससुद्धा आजारी पडतो. तेव्हा दवाखाना वाचवायलाच हवा होता. पण मला आणखी एक हवं होतं. तो मोठ्या जावयांनी वाचवला, हे सासूबाईंच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं. आणि ते साडूच्या समोर.

सभेच्या आधी दोन दिवस तो घरी आला. सासूबाईंच्या पायाशी बसून तासभर गप्पा मारल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, दवाखान्याचं जरा बोलायचं होतं."

"सभेत बोलू की," असं म्हणून मी अंघोळीला निघून गेलो. गोड बोलून माझ्याच वॉर्डाला कात्री लावायला आला असणार, दुसरं काय!

झेरॉक्स बंद झाल्यापासून आमच्याकडे नवीच पद्धत पडली होती. ठराव फक्त अध्यक्षांकडे द्यायचा. सभेत सूचकाने उभं राहायचं आणि कुणी अनुमोदन दिलं तरच तो वाचायचा. अनुमोदक नाही मिळाला तर ठराव तिथल्या तिथे पडला. पडलेला ठराव त्या सभेत पुन्हा येत नाही. साडूने ठराव माझ्या आधी दिला होता, त्यामुळे पहिला नंबर त्याचा.

मी सगळ्या नगरसेवकांच्या दारी फिरलो. छापखानेवाल्याला म्हटलं, तुमच्या गल्लीतले दिवे विझू देत नाही. बेकरीवाल्या बाईंना म्हटलं, तुमच्या दुकानासमोरच्या नळाचं मी बघतो. त्या बदल्यात मागणं एवढंच, साडू उभा राहिला की हात मांडीवर ठेवायचे. साडूला नेहमी अनुमोदन देणारा चष्मेवाला तेवढा कुरकुरला. मी दुकानाच्या पाटीवरच्या कराचा विषय काढला, मग तोही नरमला.

सभेत साडू उभा राहिला. "दवाखान्यांबाबत, सूचक मी," एवढंच म्हणाला.

"अनुमोदक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

कुणी हललं नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. साडूनेही बघितलं, वर हसला. मी छताला लटकलेल्या बंद पंख्याकडे बघत बसलो.

"साहेब, दोन ओळी वाचू द्या," साडू म्हणाला.

"अनुमोदकाशिवाय वाचता येत नाही." अध्यक्षांनी पुन्हा माझ्याकडेच बघितलं. "कुणीच नाही? बरं. ठराव पडला."

मी ताडकन उठलो. "माझा ठराव घ्या. सूचक मी."

"तो आता घेता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"का नाही?"

त्यांनी सचिवांना खूण केली. पडलेला ठरावही नोंदीसाठी शेवटी वाचावाच लागतो. सचिवांनी नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात वाचला. सूचकाच्या स्वतःच्या वॉर्डातला दवाखाना बंद करावा आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वॉर्डातला चालू ठेवावा, कारण तिथे चालायला त्रास होणारी वयस्कर माणसं जास्त आहेत.

"तुमचाही ठराव हाच," अध्यक्ष म्हणाले. "तोच ठराव पुन्हा कसा घेऊ? मी तर तुमच्याच हाताची वाट बघत होतो."

दुसरा कुठला ठराव नव्हताच. दोन्ही दवाखाने गेले. छापखानेवाला माझ्याकडे असा बघत होता, की आता दिव्यांचं विचारावं की नको.

मी लांबच्या रस्त्याने घरी गेलो. पोचलो तर साडू आधीच येऊन बसला होता. माझी बायको दाराशी उभी होती, तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. साडू सासूबाईंना सांगत होता, "नाही जमलं, आई. माझंच बोलणं कमी पडलं. पट्टीसाठी मी येत जाईन, तुम्हाला रुग्णालयात घेऊन जाईन."

सगळं माझ्यामुळे झालं होतं आणि हा त्याचंही श्रेय मला द्यायला तयार नव्हता!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. "तुम्ही तर तिथेच होतात ना? यांच्या बाजूने एक हात वर करायला काय झालं होतं?"

मी चपला काढायला खाली वाकलो.

"दादांचा हात वर होता, आई," साडू हळूच म्हणाला. "एकट्याचाच होता."

सासूबाईंनी माझ्या हातावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आणि तोसुद्धा मला त्याच्याकडूनच घ्यावा लागला.