एकादशीचं पाणी

मारुतरावांनी उभा जन्म कीर्तनकाराच्या मागं टाळ वाजवण्यात घालवला. बुवा कुणीही असोत, निरूपण कुठलंही असो, फिरून फिरून ते भवसागरापाशी यायचंच. मग त्या सागरात नाव लोटली जायची. नामाची नाव, संत नावाडी, कृपेचं शीड. शीड हा शब्द आला की मारुतरावांचा टाळ जरा जोरात पडे. कारण बाकीचं सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. दौंड तालुक्याच्या टोकाला, धरणानं अडलेल्या भीमेचा फुगवटा जिथं शेताच्या बांधाला लागतो, तिथं त्यांचं घर. मासे धरणाऱ्यांच्या पत्र्याच्या होड्या, वल्ही, जाळी रोजचीच. शीड तेवढं कधी पाहिलं नव्हतं.

पुढं काचबिंदूनं नजर घेरत आणली. बांबूच्या नळीतून बघावं तसं जग बारीक झालं. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली दिवाळी गाठील असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी घरी येताना थोरल्या मुलानं, रविराजनं विचारलं, "आबा, काय बघायचं ऱ्हायलंय?"

त्याला वाटलं, म्हातारा काशी म्हणेल, रामेश्वर म्हणेल. मारुतराव म्हणाले, "शिडाची नाव. आपल्या भीमेत."

रविराज कारेगावला कंपनीत मशिनं दुरुस्त करायच्या कामावर, राहायला शिरूरला. आता ही देवाची करणी म्हणा, नाहीतर योग म्हणा. त्याच सुमारास त्याच्या कंपनीतला एक परदेशी साहेब कायमचा मायदेशी निघाला. साहेबाची छोटी शिडाची होडी कोकणात, रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीत बांधलेली होती. रविराजनं ती घेतली. "दारात ट्रॅक्टर न्हाई आन् बापल्योक जहाज घेऊन बसलं," अशी बातमी मारुतरावांच्या बायकोनं, सोजराबाईंनी स्वतःच आळीभर फिरवली. होडीला ओवाळायचं तबकही त्यांनीच घासून ठेवलं.

प्रश्न होता तो होडी घरी आणायची कशी, याचा. त्या खाडीकाठच्या वाडीची वाट चिऱ्यांची आणि एका बैलगाडीपुरती. तिथं ट्रेलर उतरणं शक्य नव्हतं. तेव्हा समुद्रानंच वर धरमतरच्या खाडीपर्यंत यायचं. तिथं क्रेननं होडी उचलायची, वरवंडचा शंभू म्हणून रविराजचा दोस्त होता त्याच्या ट्रेलरवर ठेवायची आणि घाट चढून भीमेवर आणायची. उन्हाळ्यात फुगवटा मागं हटला तरी नदीच्या मूळ पात्रात शीड उभं राहण्याइतकं पाणी असतंच.

मारुतरावांना कागदावरचा नकाशा दिसेना. मग रविराजनं अंगणात विहिरीचा जुना नाडा अंथरला. नाडा म्हणजे किनारा. खाडी आली की नाड्याला मुरड, मुक्काम आला की गोटा. जयगड, दाभोळ, हर्णै, मुरुड. मारुतराव अनवाणी पायांनी नाडा चाचपत चालायचे आणि प्रत्येक गोट्यापाशी थांबून नाव घ्यायचे. होडी आणायला जो तांडेल ठरवला होता, त्यानं फोनवर सांगितलेलं सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं. पहाटे जमिनीवरून वारा सुटतो, तो मतलई. त्याच्यावर निघायचं. दुपारी समोरून वारा उठायच्या आत खाडीत शिरायचं. एकदा जयगडावर कोंबडी बसली, तर त्यांनी तिला उठवू दिलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तिचा मुक्काम हाय."

तांडेलाची अट एकच होती. त्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि होडीच्या पोटाखाली लोखंडी पातं. उधाणाच्या भरतीशिवाय ती दांड्यावरून बाहेर पडणार नाही. उधाण येतं पुनवेला, नाहीतर अमावास्येला. त्यानं चैत्री अमावास्या धरली होती.

मारुतरावांनी कानावर हात ठेवले. "आमुशेला आपल्यात नवी वस्तू घरी आणाया निघत न्हाईत. आन् ही तर देवाची नाव."

त्यांनी वैशाखातली एकादशी धरली. तांडेलानं फोनवर समजावलं, की एकादशीला पाणी अर्धंच असतं, पुनवेपर्यंत तरी थांबा. पुनवेला घरात सत्यनारायण होता आणि मारुतरावांना होडी त्याच्या आत हवी होती. रविराजनं फोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा ते हसून म्हणाले, "अर्धं तर अर्धं. आम्ही अर्ध्या पाटावर ऊस काढलाय, मामा."

पाणी पुरणार नाही, हे रविराजला कळत होतं. त्यानं आईकडं पाहिलं. सोजराबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "डोळं त्यांचं चाललंत. दिवस तरी त्यांना धरू दे."

तांडेल शेवटी एवढंच बोलला म्हणे: तुमची होडी, तुमचा देव.

एकादशीला मारुतराव अंघोळ करून, तोंडात पाणीही न घेता नाड्याच्या पहिल्या गोट्यापाशी बसले. रविराज खाडीवर गेला होता. शीड उभं राहताना फोनवर दाखवतो म्हणाला, तर यांनी नाही म्हणून सांगितलं. फोनमधला देव आणि देवळातला देव एक नसतो, तसंच ते. पहिली नजर भीमेतल्याच शिडावर पडली पाहिजे. दुपार कलली, तरी ते नाड्यावर पुढं सरकले नाहीत. सोजराबाईंनी भगर पुढं ठेवली, ती वाळून गेली.

मग फोन आला. रविराज म्हणाला, "आबा, पाणी कमी पडलं."

पुढचं हळूहळू कळलं. पातं वाळूत रुतलं, तेवढ्यात ओहोटी लागली. होडी दांड्यावरच आडवी झाली. मोकळ्या समुद्राच्या लाटा येऊन तिला आपटत राहिल्या. पातं पिळवटून निघालं आणि बुडाला भेग पडली. पुनवेच्या उधाणात तांडेलानं माणसं लावून ती आत चिखलात ओढून घेतली. आपण दुरुस्त करू, पुढच्या उधाणाला काढू, असं रविराज म्हणत होता. पण त्या वर्षी वैशाख सरायच्या आत आभाळ भरलं. पाऊस वेळेआधी आला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला आणि समुद्र बंद झाला. आता जे काही व्हायचं ते पावसाळ्यानंतर. पावसाळ्यानंतर, हे शब्द त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारले नाहीत.

नाडा मात्र अंगणात तसाच पडून होता. एकदा मारुतराव म्हणाले, "उचला आता तो. पायात येतो." सोजराबाईंनी तो गुंडाळून गोठ्यात खुंटीला टांगला.

पावसाचं पाणी भरून होडी चिखलात बसत गेली. श्रावणात रविराज आणि शंभू जाऊन शीड तेवढं सोडवून घेऊन आले. ते ओसरीवर उलगडलं तेव्हा मारुतरावांनी हात फिरवला. बांबूची नळी तोवर सुईच्या नाकाएवढी झाली होती. त्यातून पांढरं काहीतरी दिसलं, पण ते कापड होतं. त्यात वारा नव्हता. कांदाचाळीतल्या कांद्यावर ओल येत होती, म्हणून सोजराबाईंनी भीतभीत विचारलं, "हे कांद्यावर घालू का?" ते म्हणाले, "घाल."

दसऱ्याला त्यांनी आपट्याचं पान हातात घेतलं, ते बोटांनी चाचपून ओळखलं.

दिवाळीत भीमा बांधापर्यंत भरून आली. लक्ष्मीपूजनाच्या सांजेला रविराज पणत्या लावत होता. सोजराबाई पाट पुसत होत्या. तेवढ्यापुरती हातातली वस्तू त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. मारुतरावांनी बोटं फिरवली. नवी करकरीत केरसुणी.

"ही कवा आणली?"

"आत्ताच, बाजारातनं. लक्ष्मी न्हाई का? दरसालची."

"आज तिथी कंची?"

सोजराबाई बोलून गेल्या, "आमुशा." आणि मग त्यांचा पाटावरचा हात थांबला.

रविराजनं काडी विझू दिली. बाहेर चाळीवर वारा आला आणि कांद्यावरचं शीड एकदा भरून फडफडलं. मारुतरावांनी आवाजाकडं तोंड वळवलं.

"म्हंजी तिकडं खाडीत आज पाणी भरलं आसंल," ते म्हणाले.

त्यांनी केरसुणी दोन्ही हातांनी पुढं धरून ठेवली. मग सोजराबाईंनी ती घेतली, पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.