कराडची सुपं

बस खड्ड्यात आदळली तशी ज्ञानदाने सीटखालचा गठ्ठा दोन्ही पायांत दाबून धरला आणि ती जोरात खोकली. तरी आतून खडखडाट झालाच. पुढच्या सीटवरून विघ्नेशच्या आईने मान वळवली.

"खोकला झाला काय गो? आल्याचा तुकडा देऊ?"

"नको काकी. धूळ गेली घशात."

भर पावसाळ्यात, चिखलाने माखलेल्या रस्त्यावर धूळ कुठली, हे विचारायचं काकींनी कसं कोण जाणे सोडून दिलं. एरवी त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. तुळिंजच्या नाक्यावर बस सुटल्यापासून त्यांच्या तोंडी एकच विषय होता, आणि तो म्हणजे त्यांच्या संजनाची सुपं. संजना त्यांची नवी सून. तिच्या लांज्याच्या माहेराहून बांबूची कोरी, पिवळीधमक सुपं आली होती आणि काकींनी ती डिकीत न टाकता वरच्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बांधून ठेवली होती.

बसमध्ये सगळी गावाकडच्या एकाच वाडीतली माणसं. आचोळ्यात आणि तुळिंजला फ्लॅट घेतलेली, मुंबईत नोकरी करणारी, आणि गणपतीच्या पहिल्या दिवशी रजा न मिळाल्यामुळे आता गौरीला तरी पोचू म्हणून निघालेली. उद्या गौरी यायच्या होत्या आणि परवा ओवसा. नव्या सुनेने फळं, पानं, नारळ, खण घालून भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायची, हा ओवसा. पण पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही. गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात याव्या लागतात. ज्ञानदाच्या लग्नानंतर एकदा त्या पूर्वा लागायच्या आधीच येऊन गेल्या, एकदा उशिरा आल्या. यंदा जमून आलं होतं. शेजारी बसलेली तिची सासू जयवंती आषाढापासून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून खूश होत होती.

आणि ज्ञानदाच्या पायांत प्लास्टिकची सुपं होती.

हिरवी, लाल, एक तर चक्क जांभळं. सुपं माहेरची हवीत, असा निरोप कराडला गेला होता. कराडला ओवसा कोण करतं? आईने मनाशी विचार केला असणार की लेकीचं काम आहे, चांगलं टिकाऊ द्यावं. सुरजने, ज्ञानदाच्या भावाने, गठ्ठा घरी आणून दिला तेव्हा ती ऑफिसात होती. काल सामान भरताना तिने तो जरासा सैल केला, आतला जांभळा रंग पाहिला आणि विंचू दिसल्यासारखा पुन्हा बंद केला. नवऱ्यालाही बोलली नाही. जितेंद्र हसला असता, आणि ते तिला सोसलं नसतं. तिला आईचा राग येत होता, आणि राग येतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. परवा सगळ्या वाडीसमोर गठ्ठा सुटला की "घाटावरच्यांना काय कळतंय" असं काकी म्हणणार, सगळ्या बाया हसणार, आणि आईचं नाव पुढची कित्येक वर्षं त्या जांभळ्या सुपाबरोबर निघत राहणार. गावात नवी घ्यावीत, तर विकणाऱ्याकडून ती घरी पोचायच्या आत बातमी वाडीभर पोचली असती.

घोडबंदरला गाड्या अडकल्यात म्हणून ड्रायव्हरने बस कामणच्या रस्त्याला घातली होती. कामणच्या अलीकडे मोठा आवाज झाला आणि बस एका अंगाला कलून उभी राहिली.

"स्प्रिंगचा पाटा तुटला," ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला. "भिवंडीहून मिस्त्री आणायला लागेल. उतरा सगळे, पाय मोकळे करा."

पुरुष चाकाभोवती जमले. त्यांच्यातल्या एकालाही पाटा बसवता येत नव्हता, पण दुसऱ्याला बाजूला सरकायला सांगणं प्रत्येकाला येत होतं. जितेंद्र त्यांच्यात पुढे. बायांनी चिंचेखाली चादर पसरली, डबे उघडले. उशीर झाल्याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. पिठलं-भाकरी निघाली, कुणाच्या तरी डब्यातून कैरीचं लोणचं निघालं, आणि सण जणू तिथेच सुरू झाला.

रस्त्याच्या पलीकडे भाताच्या खाचराला लागून एक कौलारू घर होतं. ज्ञानदाने पडवीकडे पाहिलं आणि तिची नजर खिळली. वाशाला नव्या सुपांचा एक जुडगा टांगलेला होता. बांबूची, कोरी.

"मी जरा बाथरूमला विचारून येते," ती सासूला म्हणाली.

बसला वळसा घालून तिने सीटखालचा गठ्ठा काढला, काखेत मारला आणि रस्ता ओलांडला.

पडवीत एक बाई तेरड्याच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्याकडेही उद्या गौर यायची असणार.

"काय पायजे गो बाय? पानी देऊ?"

ज्ञानदाने पाणी घेतलं. मग जे बोलायचं ते तिच्या तोंडून एका दमात निघालं, ओवसा, पूर्वा, प्लास्टिक, सगळं. त्या बाईचं नाव हंसा. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं.

"कापनीला आनलीत आमी. मी नं माझ्या जावांनी." तिने वर पाहिलं. "पन गौरीच्या कामाला नाय कशी म्हनू? नथू, ती सुपं काढ रं."

आतून तिचा नवरा नथू आला, काही न विचारता स्टुलावर चढला आणि जुडगा सोडून खाली दिला. ज्ञानदाने पर्स उघडली तशी हंसाने तिचा हात मागे ढकलला.

"मग ही घ्या," ज्ञानदा म्हणाली आणि गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "नवीन आहेत. धान्य पाखडायला, काहीही करायला."

हंसाने गाठ सोडली. सुपं बाहेर आली तशी तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"रंग बघ गो! पन ही देनार कशाला? तुज्या आयशीनं दिल्यात ना?"

ज्ञानदाने बांबूची सुपं छातीशी धरली आणि वळली, तर अंगणात जयवंती उभी होती. पदर खोचलेला, काखेत पिशवी, चपला चिखलात.

"बाथरूम सापडलं काय?"

ज्ञानदाचं तोंड उतरलं.

जयवंती पडवीत चढली. हंसाला "बसू काय गो?" असं विचारून तिच्याजवळ खाली टेकली, आणि जांभळं सूप मांडीवर घेतलं.

"सुरज देऊन गेला त्याच दिवशी बघितलं मी हे," ती म्हणाली. "उंदराने कुरतडू नये म्हणून गठ्ठा वर ठेवत होते, तर खडखडलं. उघडलं. आधी मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?"

"आई, मी..."

"तू बोलशील म्हणून गप्प राहिले. तू खोकतच बसलीस." तिने सूप उलटं केलं. "हे नीट बघितलंस तरी काय?"

ज्ञानदाने पाहिलं नव्हतं. जांभळ्या रंगापलीकडे तिची नजर गेलीच नव्हती. सुपाच्या सगळ्या काठाला जरीची बारीक लेस शिवलेली होती. सरळ, समान अंतरावर, टाका न टाका सारखा. आई आयुष्यभर लोकांचे ब्लाऊज शिवत आली होती. ते टाके ज्ञानदाने कुठेही ओळखले असते.

"प्लास्टिकात सुई जात नाय," जयवंती म्हणाली. "हात लाव. भोकाच्या कडा वितळल्यात. सुई दिव्यावर तापवायची, एक भोक पाडायचं, की परत तापवायची. ह्या काठाला किती भोकं असतील? आणि अशी पाच सुपं."

हंसाने लेसेवरून बोट फिरवलं.

"मशीन नाय चालली व्हय ह्याला. हातानं केलंय सगला."

ज्ञानदा पायरीवर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. जयवंतीने तिला रडू दिलं. मग बांबूची सुपं तिच्या हातून घेऊन नथूकडे दिली.

"ही तुमची तुम्हांला. राग मानू नका. पहिल्या ओवशाला सूप माहेरचं लागतं, आणि हिचं आलेलं हाय."

"नाय गो, राग कसला?" हंसा म्हणाली. तिने जांभळ्या सुपात तेरड्याची एक जुडी ठेवली, वर एक काकडी ठेवली. "ही आमच्या गौरीकडून. नेशील ना?"

जयवंतीने पिशवीतला एक नारळ काढून तिच्या देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि दोघी निघाल्या. या वेळी गठ्ठा बांधलेला नव्हता. हिरवी, लाल, जांभळी सुपं जयवंतीने हातांवर रचून घेतली होती, आणि बसला वळसा न घालता ती सरळ चिंचेखालून, सगळ्यांच्या डब्यांमधून चालत आली.

"अगोबाई!" विघ्नेशची आई म्हणाली. "ही प्लास्टिकची कुणाची?"

"ज्ञानदाची. कराडहून आलीत."

"ओवशाला? चालतात काय गो?"

"माहेरची असली की झालं. बांबूचीच हवीत असं तुला कुणी सांगितलं?"

काकींनी तोंड उघडलं, आठवायचा प्रयत्न केला. कुणी सांगितलं होतं ते त्यांना आठवेना. संजनाने मात्र हातातली भाकरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पुढे होऊन लेस निरखायला लागली.

"ताई, हे केलंय कसं? मला आवडलं."

दुपार कलताना मिस्त्रीने पाटा बसवला आणि बस हलली. जयवंतीने सुपं वरच्या फळीवर, संजनाच्या सुपांना लागून ठेवली. मग तिने जितेंद्रचा मोबाईल मागून घेतला, कराडचा नंबर लावून घेतला आणि सबंध बसला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली.

"विहीणबाई, मी जयवंती! सुपं पोचली हो! ... काय? ... नाय नाय, चूक कसली? आमच्या वाडीत अशी सुपं आजवर कुणाची आली नाहीत!"

हे तर अगदी खरं होतं. काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जयवंतीने फोन सुनेच्या हातात दिला.

"घे, तू बोल. आणि हात किती ठिकाणी भाजला ते विचार. मला सांगायची नाय ती."

ज्ञानदाने फोन कानाला लावला. पलीकडे आई घाईघाईने सांगत होती, की दुकानदार म्हणाला बांबूला कीड लागते, म्हणून मग ही घेतली, जांभळं शेवटचंच होतं, सासूबाईंना खरंच आवडली का गं?

"आई," ज्ञानदा म्हणाली, "बोटांना काही लावलंस का?"

पलीकडे आईची घाई एकदम ओसरली.

"बरी आहेत आता," ती म्हणाली.