आळशी मोलकरणीचं चित्र

माझा भाऊ बारेंट लायडन शहरात स्वयंपाकघरांची चित्रं काढायचा. लोक त्याला घरगुती आयुष्याचा जाणकार म्हणत. या जाणकाराने उभ्या जन्मात एक गाजर सोललं नव्हतं. घर चालायचं ते माझ्या आणि आमच्या मोलकरणीच्या, लिसबेटच्या, जिवावर. अकरा वर्षं ती पहाटे उठून उंबरा घासत होती.

एका वसंतात त्याने तिला टेबलाशी बसवलं, हातावर डोकं टेकून डोळे मिटायला लावले. शेजारी वाइनचा रिकामा जग आडवा पाडला आणि मासा पळवणारं मांजर मनानेच काढलं. चित्राचं नाव ‘आळस’.

चित्र जत्रेत टांगलं गेलं. ज्यांच्या घरी तीन-तीन नोकर, अशी माणसं त्यापुढे उभी राहून आळसावर गंभीर बोलली. बाकीच्यांनी लिसबेटला ओळखलं आणि हसून घेतलं.

तिचं लग्न वाउटर नावाच्या विधुर बेकरशी ठरलं होतं. त्याच्या आईने चित्र पाहिलं आणि लग्न मोडलं. मी जाऊन तिला खरं काय ते सांगितलं, तर म्हणाली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, बाटलीसकट. बाटली नव्हे, जग होता, पण ते असो. छत्तीस वर्षांचा वाउटर आईमागे उभा राहून बुटांकडे बघत होता. असला नवरा गेला ते बरंच झालं, असं मला वाटलं; लिसबेटला मात्र रडू आवरेना.

शेवटी ती बारेंटकडे गेली. निदान त्या म्हातारीला खरं सांगा, म्हणाली.

“अगं, ती तू नाहीसच,” बारेंट कुंचला न थांबवता म्हणाला. “तो आळस आहे. कलेतलं तुला कळायचं नाही.”

“मग आळसाला नाक माझं कशाला दिलंत, मालक?”

त्याला ते फार मजेशीर वाटलं. पोट धरून हसला. लिसबेटने अॅप्रन सोडून त्याच्या खुर्चीवर ठेवला. तिने आपलं गाठोडं बांधलं; ते मी घेतलं आणि माझंही बांधायला गेले.

दारात बारेंट आडवा आला. “माक्टेल्ट, तू कुठे? जेवणाचं काय?”

“त्याचंही चित्र काढ की,” मी म्हटलं.

आता आम्ही दोघी हारलेम शहराबाहेर लोकांचं कापड धुऊन उन्हात पसरतो. लिसबेटने लग्न केलं नाही. बारेंटची चित्रं अजून खपतात, असं ऐकते. लोकांना काय, काहीही आवडतं.