डायनामोची खांदशेकणी

आधीच सांगून ठेवतो, तार गुंडाळण्यात माझी चूक नव्हती. लढाई चालू होती, मुंबईहून मोटारीचा साधा भाग मिळेना. म्हणून आमच्या जुन्या लॉरीचा डायनामो मीच घरी उघडला. जळकी तार सोडवली, वेढे मोजून नवी भरली, लाखेत बुडवून उन्हात वाळवली. अकरा दिवस गेले, बोटांची सालं निघाली. हे सगळं चाललं होतं रिकाम्या गोठ्यात. लॉरी घेण्यासाठी बाबांची ढवळी बैलजोडी मीच विकायला लावली होती. तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. अंजनगावातल्या आमच्या गल्लीचे झेंडूचे चाळीस टोपले सकाळी अमरावतीच्या बाजारात हवेत. पोळा सरल्यावर बैलांचे हार कोण घेतो? आणि डायनामो चालला नाही तर बॅटरी भरणार नाही, लॉरी वाटेतच बसणार.

दुपारी बॅटरीची तार लावून पाहिली, तर डायनामो भिरभिर फिरला. त्याला तसाच उघडा गव्हाणीत ठेवून मी जेवायला गेलो. आल्यावर घाईघाईत झाकण कसलं, लॉरीवर चढवला, इंजिन सुरू केलं. मीटरचा काटा ढिम्म हलेना. पट्टा आवळला, तारा पुन्हा तपासल्या. काटा शून्यावरच.

शेजारचा सूर्यभान टोपल्यांवर ओलं फडकं टाकत म्हणाला, "जानराव, तुह्या बैलानं चारा सोडला वाटते."

मी पान्हा भिरकावला. शिव्या घालत डायनामो पुन्हा खाली उतरवला. झाकण काढलं तर आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर पिवळा, घट्ट थर. वास घेतला. तूप आणि हळद!

बाबा ओसरीवर बसले होते, हातात पळसाचं पान.

"हे कोनं लावलं?"

"म्या लावलं. आज खांदशेकनी हाये ना."

"बाबा, तो काय बैल हाये? तुपानं वीज अडते! अकरा दिवसाचं काम मातीत घातलं तुमी! काहून हात लावला?"

बाबा पानाकडेच पाहत राहिले. "मले काय समजते त्यातलं? तूच म्हनलं होतं, आता घराचा सारा भार याच्यावर हाये. साठ वर्सं पोयाच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानानं तूप-हयद लावून बैलायचे खांदे शेकले म्या. आज गोठ्यात गेलो तं गव्हानीत हाच होता."

मला अजून ओरडायचं होतं. ओरडता येईना, त्याचाही राग आला. रेशनचं वाटीभर पेट्रोल ते तूप धुण्यात गेलं. चिंधीनं एकेक पट्टी पुसली, पुन्हा सगळं जोडलं. काटा थरथरला आणि वर चढला.

पहाटे निघताना बाबा लॉरीजवळ आले. "बैलायले देत होतो तसं पोयाच्या जेवनाचं आवतन देलं हाये त्याले. दुपारी जेवाले घेऊन ये."

फुलं हातोहात गेली. दुपारी गल्लीत शिरलो तेव्हा बाबा पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभे होते. ते लॉरीच्या पुढं आले, चाकापाशी वाकले, पुन्हा पुढं आले. घास कुठं द्यायचा तेच त्यांना कळेना.

मी खाली उतरलो. जोडी विकल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.