सापाचं नाव

गावातल्या योगेशनं काठीवरचा मेलेला साप लीलाबाईच्या अंगणात आणून टाकला, तेव्हा ती रिकामा गोठा झाडत होती. म्हैस विकली गेली तरी सकाळी हात तिकडंच वळायचे.

"काकू, घ्या! चंदीले डसला थो हाच. पऱ्हाटीच्या वावरात, धुऱ्यावर घावला."

मागून आलेल्या शेजारच्या चतुराबाईनं वाकून पाहिलं. "अरे, हे तं धामण दिसते बाप्पा!"

"धामण असो का नाग, साप थो सापच."

धामणच होती. उंदीर खाऊन राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. लीलाबाई पुन्हा गोठा झाडू लागली. चंदाला साप डसला हे गावभर तिनंच तर सांगितलं होतं. अठरा वर्षांची पोर आपल्याच जिवावर उठली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? का उठली, ते तर पोरीनं मायलाही सांगितलं नव्हतं.

अमरावतीच्या दवाखान्यानं म्हैस खाल्ली, लीलाबाईची सोन्याची पोत खाल्ली. सुटी देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शरीर वाचलंय, मन अजून आजारी आहे. दर महिन्याला मनाच्या डॉक्टरांकडे आणा. चुकवू नका." ती तारीख उद्याची होती. दुधाचा पैसा बंद, म्हणून आज चतुराबाईपुढं हात पसरायचा, असं लीलाबाईनं मनाशी घोकून ठेवलं होतं.

"बाई, थोडे पैसे पायजे होते. चंदीले उद्या दवाखान्यात न्या लागते."

"आता कायचा दवाखाना वं?" चतुराबाई हसली. "सापाचं इख उतरलं, वैरीबी मेला. दवाखानेवाले लुटून राहिले तुमाले! त्या पैशात पोरीले दूधतूप चार."

ओसरीवरून लीलाबाईच्या नवऱ्यानं, रामरावनंही मान हलवली. खरं त्याला ठाऊक होतं, पण गावापुढं त्याला हेच बरं वाटलं. लीलाबाईच्या तोंडाशी खरी गोष्ट आली आणि तिथंच अडली. आपणच रचलेल्या खोट्यानं आपलाच गळा धरला, असं तिला झालं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

चंदा दारात येऊन उभी होती. कितीतरी वेळ ती त्या धामणीकडे बघत राहिली.

"माय, इनं काय केलं होतं वं?" ती हळूच म्हणाली. "माह्यापायी म्हैस गेली. आता हे."

"चूप बस, माय माही."

योगेशला चहा द्यायला हवा होता. घरात दूध नव्हतं, चंदानंच कोरा चहा केला. मायच्या हातात कप देताना ती तिच्याकडं बघून हसली.

"कोनाले पैसे मांगू नोको. मी बरी हाव आता."

लीलाबाईनं कप तसाच खाली ठेवला. जिवावर उठली त्या दिवशी सकाळीही पोर असंच हसून 'मी बरी हाव' म्हणाली होती.