किडेमावशीच्या बरणीतला पाक

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. कुणी माझं झाकण फिरवलं, की मी दचकते. चमच्याचा आवाज ऐकला तर विचारूच नका. आमच्या घरात काय घडलं ते कळल्यावर तुम्ही मला हसणार नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेली लाल काच साच्यात पडली, वरून जोरात हवा फुंकली गेली आणि मी तयार झाले. बुडाशी एक बुडबुडा राहिला होता. माल तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि 'चालेल' म्हणून पुढे ढकललं. तेव्हाही मी घाबरलेच होते, कारण शेजारच्या बरणीला त्यांनी 'चालेल' म्हटलं नव्हतं आणि ती पुन्हा भट्टीत गेली.

सुरुवातीला माझ्यात जॅम होता. तो संपल्यावर मला कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं गेलं. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात एका बाईने मला उचललं, बोटाच्या नखाने टिचकी मारली आणि म्हणाली, "अगं बाई, किती रुंद तोंड आहे हिचं! माझा अख्खा हात आत जाईल." सगळे तिला किडेमावशी म्हणायचे.

मावशीचा धंदा ऐकून दचकू नका. तिच्या घरामागे मोठं तळं आहे. तिथे लोक गळ टाकून तासन् तास बसतात. माशांना किडे भारी आवडतात, पण हवे तेव्हा किडे मिळत नाहीत आणि पकडून ठेवले तर ते सुकतात, नाहीतर कुजतात. म्हणून मावशी ते टिकवून विकते. सकाळी गवतावर दव असतं, तेव्हा नाकतोडे सुस्त असतात. मावशी कापडी जाळी फिरवून ते गोळा करते. आधी गार करते, मग उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढते. जास्त वेळ ठेवले तर त्यांचे पाय गळून पडतात. मग ते सुती कापडावर सावलीत पसरते आणि अंग कोरडं झालं की साखर नि ग्लिसरिनच्या दाट पाकात माझ्या पोटात सोडते.

पहिल्यांदा ते आत आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. इतके सगळे डोळे, तेही आतून बघणारे! पण हळूहळू सवय झाली. गिऱ्हाइकं मला उजेडात धरून म्हणायची, "मावशी, हा तर आत्ता उडी मारेल!" मावशी हसायची. मलाही बरं वाटायचं. कचऱ्याजवळची बरणी मी, आणि लोक माझ्याकडे बघून वाहवा करत होते.

मावशीला एक अडचण होती. एका मोठ्या तापानंतर तिला वास यायचा बंद झाला, तो पुन्हा कधी आलाच नाही. त्यामुळे पाक जमला की नाही, हे ती जिभेने ठरवायची. किडे आत सोडण्याआधी लहान चमचाभर पाक तोंडात घ्यायची, टाळूवर घोळवायची आणि गिळून टाकायची.

"आई, शी! किड्यांचा पाक काय खातेस?" तिची लेक ओरडायची.

"मध खाताना बरी शी म्हणत नाहीस. तो काय हत्तीने केलेला असतो?" मावशी म्हणायची. दोघी हसायच्या. घरात दोघीच होत्या. लेक एका कॉलेजात कामाला होती. विद्यार्थ्यांना दाखवायला बेडूक, साप, मासे बाटल्यांत भरून ठेवलेले असतात ना, त्या बाटल्यांची देखभाल ती करायची.

मग तो वाईट उन्हाळा आला. पाक पातळ झाला आणि माझ्या पोटातले नाकतोडे मऊ पडले. टोपीवाले काका मावशीचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी मला चारचौघांत परत आणून ठेवलं. "मावशी, रागावू नका, पण गळ टोचला की किडा हातात येतोय हो. मासे फुकट जेवून जातायत." मागे उभे असलेले लोक खो खो हसले. मावशीने मला उचलून आत नेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दारात उभी राहून लेक ते सगळं बघत होती.

त्यानंतर त्या घरात दोन गोष्टी झाल्या आणि एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. मावशीने ठरवलं, की यापुढे बरणी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी पाक पुन्हा एकदा चाखायचा. दुकान उघडायच्या वेळी लेक कामावर गेलेली असायची, त्यामुळे तिने हे कधी पाहिलंच नाही. आणि लेकीने ठरवलं, की आईचा असा अपमान पुन्हा होऊ द्यायचा नाही.

एका सकाळी मावशी जाळी घेऊन तळ्याकडे गेली. किडे भरलेली, चाखून झालेली, झाकण लावलेली मी फळीवर होते. लेकीने मला खाली घेतलं. पिशवीतून एक छोटी बाटली काढली. कॉलेजातून कुणाला न विचारता आणलेली. ते होतं फॉर्मालिन. मेलेला बेडूक वर्षानुवर्षं जसाच्या तसा ठेवणारं विष. तिने अर्धी बाटली माझ्यात ओतली. तिचे डोळे झोंबून लाल झाले. मग झाकण घट्ट लावून तिने मला थोपटलं. "आता बघू कोण हसतं माझ्या आईला. तू कुणाला सांगू नकोस हं." आणि ती कामावर निघून गेली.

पाक चाखून झालाय, आता आई काही तोंडात घालणार नाही, असं तिला वाटलं. पण मावशी पुन्हा चाखणार, हे मला माहीत होतं. मी रोज बघत होते. अहो, मला किती ओरडावंसं वाटलं! फळीवरून खाली उडी मारावीशी वाटली. पण बरणीला कुणी हलवल्याशिवाय हलता येत नाही. मी नुसती बसून राहिले आणि मावशीच्या चपलांचा आवाज जवळ येत गेला.

थोड्या वेळाने टोपीवाले काका आले. "द्या मावशी, एक बरणी. मागचं विसरा आता."

"मी नाही विसरले," मावशी म्हणाली. तिने मला उघडलं.

काकांना खोकला आला. "हे काय हो? डोळ्यांतून पाणी काढतंय."

"तुमच्या नाकाचे लाडच फार. थांबा, तुमच्यासमोरच चाखते." तिने चमचा आत बुडवला.

नको गं मावशी, नको! माझ्या काचेला आवाज फुटला नाही. तिने चमचा तोंडात घातला आणि सवयीने गिळला.

पुढचं मला नीट सांगवत नाही. तिने दोन्ही हातांनी गळा धरला. चमचा पडला. काकांनी तिला धरून रिक्षात घातलं आणि शहाणपणा केला तो असा, की जाता जाता मलाही काखेत मारलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "हे फॉर्मालिन दिसतंय. किती घातलंय? पाणी मिसळून की तसंच? सोबत दुसरं काही आहे का? कोण सांगेल मला?"

काकांनी 'मला माहीत नाही' अशी मान हलवली. मावशीने माझ्याकडे पाहिलं. फॉर्मालिन हा शब्द तिने लेकीच्या तोंडून कितीदा तरी ऐकला होता. ते कुठून आलं असेल, हे तिला त्या क्षणी कळलं. मी तिच्या डोळ्यांसमोरच होते, मी पाहिलं. तिने डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच घातलं. किती ते आठवत नाही."

काकांनी फोन करून लेकीला बोलावलं होतं. ती धापा टाकत दारात येऊन उभी होती. तिने आईचं बोलणं ऐकलं. आता ती गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं. नोकरी वाचली असती. मला इतकी भीती भट्टीतही वाटली नव्हती, कारण मावशीचा जीव आता त्या पोरीच्या एका वाक्यावर टांगला होता.

"डॉक्टर, आई खोटं बोलतेय," लेक म्हणाली. तिला रडू फुटलं, पण ती बोलत राहिली. "मी घातलं. कॉलेजातलं आहे. अर्धी बाटली, तसंच, पाणी न घालता. ही बघा बाटली. बाकी फक्त साखर आणि ग्लिसरिन."

मावशीने हात वर करून तिला गप्प करायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांना तेवढा वेळच नव्हता. बाटलीवरचं वाचत त्या धावत आत गेल्या.

मला कुणीतरी घरी आणून ठेवलं. घर बंद होतं. मावशी परत येणार की नाही, हे मला कोण सांगणार? पाकात नाकतोडे अगदी टणक, ताजेतवाने उभे होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मावशी परत आली, मित्रांनो. बारीक झाली होती, आवाज चिरका झाला होता, कितीतरी दिवस पेजेवर होती. लेकीने कॉलेजात जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. खूप बोलणी खाल्ली, पण नोकरी राहिली. माझ्यातलं सगळं काळजीपूर्वक काढून टाकलं गेलं. आता माझ्यात गळाची शिशाची वजनं असतात. माझी कुणी तारीफ करत नाही आणि मला ती नकोच आहे.

एकदा दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. मावशी हळूच म्हणाली, "मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं. म्हणून तर सांगायचं असतं, पोरी."

लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली.

मित्रांनो, बरणीत काही घातलंत तर वर त्याचं नाव लिहा. विषारी वस्तू खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका. आणि कुणाच्या भल्यासाठी काही केलंत, तर ते त्याच्यापासून लपवू नका. मी सगळं पाहत होते, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.