मालकाचं नाव

विक्रीकराच्या कचेरीतून नोटीस आली की लहान दुकानदार धास्तावतो, मग त्याने चोरी केलेली असो वा नसो. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात वासंतीच्या हाती ती नोटीस पडली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. कराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तपासणीसाठी मालकाने स्वतः दुर्गच्या कचेरीत हजर व्हावं, एवढंच लिहिलं होतं.

मालक विद्याधर. आणि विद्याधर तर या जगातच नव्हता!

भिलाईत पोलाद कारखान्याचा विस्तार जोरात चालला होता, तेव्हाची ही गोष्ट. वासंती गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतली. तिथल्या एका गार्डाच्या बायकोकडून ती केस कापायला, कुरळे करायला, चेहरा खुलवायला शिकली. ठेकेदाराकडे फिटर असलेल्या विद्याधरशी लग्न होऊन ती भिलाईला आली आणि तिने सुपेल्यात बायकांच्या शृंगाराचं दुकान थाटलं. मुलखामुलखांतली माणसं कारखान्यासाठी इथे जमलेली. लग्नसराईत नवऱ्या सजवायला तिला उसंत मिळेना. नुसत्या केस कापण्याला विक्रीकर नव्हता. पण ती स्नो, पावडर आणि स्वतः केलेलं सुगंधी तेलही विकायची. विक्री वाढली तशी कायद्याप्रमाणे नोंदणी करणं भाग पडलं. अर्जावर मालक म्हणून विद्याधरने आपलं नाव लिहिलं. बायकोचं नाव लिहावं असं त्याला सुचलं नाही, आणि तिलाही नाही.

पुढे विद्याधर बस्तरकडच्या नव्या रेल्वेलाइनच्या कामावर गेला. भर वैशाखात तिथे दरड कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. सोबत्यांनी तिथेच अग्नी दिला आणि एकाने येऊन तिला ती बातमी सांगितली.

त्याच वेळी दुकानात हळद लागलेली एक मुलगी केस विंचरून घ्यायला बसली होती. तिच्या आईने विचारलं, “काय झालं वो बाई?” वासंतीच्या तोंडून निघून गेलं, “काही नाही जी. यांचा निरोप आला, काम वाढलं म्हणून.”

त्या एका वाक्याने मेलेला माणूस घरात राहायला आला.

विधवेच्या हातून कोण आपली लेक सजवून घेणार? सासरी-माहेरी विचारणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून वासंतीने कुंकू पुसलं नाही. त्याचा सदरा ती धुऊन दोरीवर वाळत घालायची. गिऱ्हाइकांना ऐकू जावं म्हणून मागच्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, “आली जी, चहा टाकते!” कराच्या कागदांवर त्याची सही तीच करायची.

पहिल्यांदा हे सोंग होतं. मग मात्र ते तिच्या ताब्यात राहिलं नाही. चहा टाकते म्हटल्यावर ती खरंच उत्तराची वाट पाहू लागली. कारखान्याचा भोंगा झाला की तिचे कान रस्त्याकडे लागायचे. एके दुपारी एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, “काल तुमचे मिस्टर दिसले न पॉवरहाऊसकडे. सायकलवर होते.” वासंतीच्या हातातला कंगवा खाली पडला. समोरच्या आरशात तिच्या पाठीमागचं दार दिसत होतं. दारात कोणी नव्हतं. तरी तिची मान वळवायची हिंमत झाली नाही.

अशात ती नोटीस आली. दुकानाचे कर-कागद पाहायचे ते कृष्णराव. रेल्वेच्या मालधक्क्यावर हयात घालवलेला सरळ माणूस. ते म्हणाले, “विद्याधरले सांग, मी पण येतो सोबत. भ्यायचं काही काम नाही.”

“काकाजी, ते येऊ नाही शकत.”

“कावून? सुट्टी नाही भेटून राहिली?”

“ते गेले जी. बस्तरलेच गेले. हिराच्या लग्नाच्या आधीच.”

हिरा म्हणजे कृष्णरावांची थोरली लेक. त्यांनी दुकानाच्या कागदांवर बोट ठेवलं.

“मंग ह्या सह्या?”

“माह्याच.”

“पोरी! हा गुन्हा आहे! तुले कळते का?”

“कळते जी. पण तुम्हीच सांगा, आता तुमच्या धाकट्या शालूचं लग्न आहे. रांडेच्या हातून सजवाल तुम्ही तिले?”

 आयुष्यभर नेमाने वागलेल्या त्या माणसाने खाली पाहिलं. ते म्हणाले, “खोटं नाही बोलत. याचं उत्तर आज माह्यापाशी नाही. पण एक सांगतो. दुकान तू चालवतेस, तेल तू कढवतेस, अन् मालक म्हणून त्या बिचाऱ्याले उभं करतेस. मेलेल्या माणसाले तू कामाले जुंपलं आहे, वासंती. त्याले सोड. तू पण सुटशील.”

दुर्गच्या कचेरीत चपराशाने व्हरांड्यात येऊन पुकारा केला, “विद्याधर हाज़िर है?” बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. वासंतीनेही वळवली. वाटलं, आत्ता पायऱ्या चढून येईल आणि म्हणेल, हो, हजर आहे! पायऱ्यांवर नुसतं ऊन पडलं होतं.

आत साहेबांनी विचारलं, “मालिक कहाँ हैं?”

“साहब, वे नहीं रहे,” वासंती म्हणाली. हे शब्द तिने चारचौघांत आजवर कधी उच्चारले नव्हते. “दुकान मेरी है. दस्तख़त भी मैंने किए.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी दरडावलं नाही, पण सूटही दिली नाही. मालक वारल्याचं न कळवणं, त्याच्या नावाने सह्या करणं, दोन्ही चुकीचं. स्वतः येऊन सांगितलं याची नोंद घेतली जाईल, दंड मात्र भरावा लागेल. जुनी नोंदणी बंद होईल. नवी हवी असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करा. त्यांनी कागद पुढे सरकवला.

वासंतीने लेखणी उचलली. ‘व’ उमटला आणि बोटं सवयीने वेलांटीकडे वळली. किती वर्षं ती त्याचंच नाव लिहीत आली होती!  तिने डोळे मिटले, उघडले, आणि त्या ‘व’ला काना दिला. वासंती.

त्या संध्याकाळी कृष्णरावांनी घरी सगळं सांगितलं तेव्हा त्यांची पत्नी कमलाबाई भडकल्या.

“आवो, फसवलं तिनं आमाले! शालूच्या अंगाले तिचा हात लागू देणार नाही मी. अपशकुन घालाचा आहे का घरात?”

वासंतीशी बोलल्यापासून कृष्णराव ज्या उत्तरासाठी चाचपडत होते ते त्यांना आता सापडलं.

“हिराले कोणं सजवलं होतं?”

“वासंतीनं. कावून?”

“तवा तिचा नवरा जाऊन महिना झाला होता.”

कमलाबाई बोटांवर महिने मोजू लागल्या.

“हिराचं काय वाईट झालं सांग बरं! जावई सोन्यासारखा. पोरगं खेळून राहिलं अंगणात. अपशकुन त्या बाईच्या हातात असता, तर तुह्या न कळण्यानं तो थांबला असता का? तो तिच्या हातात नव्हता. तो आपल्या मनात आहे. माह्या पण मनात होता, कमला!”

 दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाई एकट्याच वासंतीच्या दुकानात गेल्या. दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत होता. तो त्यांनी काढला आणि नीट घडी करून वासंतीच्या हातात दिला.

“हिराच्या वेणीत गजरा माळत होतीस तवा तुह्या जिवात काय चाललं होतं वं?” त्यांनी विचारलं. “रडली तरी का तू, पोरी?”

वासंतीने मान हलवली. नाही. रडायला तिला जागाच नव्हती. सदरा छातीशी धरून ती मोठ्याने रडली, आणि कमलाबाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं.

शालूला वासंतीनेच सजवलं. कमलाबाईंची जाऊ रुसून जेवली नाही. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. पण कारखान्याच्या वसाहतीतल्या कितीतरी घरांनी लेकी तिच्याकडे पाठवल्या. दंड तिने भरला. आणि विद्याधर? तो अजूनही कधी कधी येई. सायकलची घंटी वाजल्यासारखं होई, मागच्या खोलीत कोणी खाकरल्यासारखं वाटे. आता ती भीत नसे, चहाही टाकत नसे. क्षणभर थांबे आणि पुन्हा हातातल्या वेणीकडे वळे.

वाचकहो, वासंतीने खोट्या सह्या केल्या, ती चूक होती, आणि तिची भरपाई तिने केली. पण तिला ते खोटं बोलायला कोणी लावलं? नवरा गेला की बाईला अशुभ ठरवणाऱ्या आपणा सगळ्यांनीच ना! सरकारचा दंड एकदा भरला की फिटतो. एका जित्या बाईला मेलेल्याच्या आडोशाने जगायला लावलं, त्याचा दंड आपण कुठल्या कचेरीत भरणार? जी कष्ट करते तीच मालक, हे कायद्याने एका कागदावर मान्य केलं. आपल्या मनातली नोंदही आपण आजच दुरुस्त केली पाहिजे!